शेजाऱ्यांच्या जीपचं मागचं दार

शेजारच्या काकांनी जीपच्या मागच्या दाराला आतून कप्पे करून घेतले होते. दोर, टॉर्च, कात्री, औषधांचा डबा, प्रत्येक वस्तूखाली तिचं नाव रंगवलेलं. जीप मात्र औरंगपुऱ्याच्या मंडईतून फक्त भाजी आणायची. आम्ही हसलो की काका म्हणायचे, "हसा लेकहो. लागलं की माझ्याकडंच येताल."

एकदा काका आणि मी जीपनं फुलंब्रीला निघालो होतो. वाटेत एक मोटारसायकलवाला रक्तबंबाळ पडलेला. काकांनी दार उघडलं, कात्रीनं त्याची पँट कापली, जखम घट्ट बांधली आणि त्याला दवाखान्यात पोचवलं. माणूस वाचला.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला बघायला गेलो. त्याची आई काकांच्या पाया पडली. काकांचे डोळे भरले. मग ते संकोचून म्हणाले, "ताई, आमची कात्री इथंच राहिली का? दारावर तिची जागा लई रिकामी दिसायलीय."