नारळ फुटलेली गाडी

"खाली उतरा."

मी मिनी ट्रॅक्टरच्या सीटवर बसले होते. क्लचला पाय पुरतो का, ते बघत होते. पुरत होता. मागं वळून बघितलं तर बसल्या जागेवरून माती फोडणारा रोटाव्हेटर नीट दिसत होता. मनाला बरं वाटलं होतं. तेवढ्यात बारामतीच्या त्या शोरूमचा मालक केबिनमधून बाहेर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "खाली उतरा बाई. अजून पूजा व्हायचीय त्या गाडीची."

"घेणार मीच हाय," मी म्हणाले.

त्यानं माझ्या कपाळाकडं बघितलं. मग गळ्याकडं. दोन्ही मोकळं. मग माझ्या मागं कोण उभं आहे ते बघितलं. मागं माझा धाकटा दीर बापू होता, मोबाइलमध्ये तोंड घालून. शेठचा चेहरा उजळला.

"या पाव्हणं, या. बसा की. चहा सांगू का?"

मी उतरले. उतरताना साडीचा काठ लिव्हरला अडकला. तो सोडवेपर्यंत सगळे बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, राग तिथल्या तिथं बाहेर पडला असता. तो आत राहिला.

मी शेळगावची. आमची डाळिंबाची बाग आणि थोडा ऊस. नवरा गेला तेव्हापासून शेत मीच बघते. खत मी टाकते, छाटणीला बाया मी लावते, उसाची तोड लवकर यावी म्हणून कारखान्याच्या माणसांमागं मी फिरते. एक फवारणी तेवढी माझ्या हातात नव्हती. फवारणीचा ब्लोअर घेऊन भाड्याचा ट्रॅक्टरवाला यायचा. "आज येतो" म्हणायचा, आणि ज्याच्या बांधावर गडीमाणूस उभा त्याच्याकडं आधी जायचा. बाईची बाग काय, नंतर केली तरी चालते. एका पावसाळ्यात तो यायच्या आधी तेल्या रोग आला. फळांवर काळे डाग पडले, डागावरून फळं तडकली. हाताशी आलेला माल तोडून आम्ही बांधाच्या कडेला खड्ड्यात पुरला. सासूबाई आणि मी, दोघींनीच. त्या दिवशी ठरवलं, गाडी आपली पाहिजे. माझ्या नावावर, आणि चालवणारी मीच. ट्रॅक्टर मी माहेरी थोरल्या भावाच्या ट्रॅक्टरवर शिकले होते. लग्नानंतर कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

म्हणून शेठचं ते "खाली उतरा" मी गिळलं. आमच्या झाडांच्या ओळींत मावेल असा अरुंद रोटाव्हेटर आणि छोटा ब्लोअर त्याच्याकडं तयार होता. बहार धरायचे, बाग फुलवायचे दिवस जवळ आले होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती, पण गरज तिच्यापेक्षा मोठी होती.

पुढच्या फेऱ्यांना तेच चाललं. प्रश्न मी विचारायचा, उत्तर बापूला मिळायचं. मी विचारलं, "ब्लोअर बिघडला तर मिस्त्री बागेत येणार का हितं आणायचा?" शेठ बापूकडं बघून म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही फक्त फोन करा." बापू एमआयडीसीत कामाला. डाळिंब त्याला खायचं तेवढं माहीत. तरी तो मान हलवायचा. हळूहळू त्याला त्या मान हलवण्याची गोडी लागली. एकदा शोरूमच्या दारातच मला म्हणाला, "वैनी, तुमी बसा भाईर. मी बोलतो." माझ्या गाडीबद्दल तो बोलणार होता. तेही गिळलं.

गाडी न्यायचा दिवस बुधवारचा ठरला.

सासूबाई पहाटेच उठून बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या. देवापुढचं हळदकुंकू कागदाच्या पुडीत बांधलं, खंडोबापुढं ठेवलेला नारळ ओटीत घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, आपल्या घरात पैल्यांदा चाकाची लक्ष्मी येतीया. नारळ मी आनला हाय." सासरे होते तोवर आमच्या घरी मेंढरं होती. या बाईनं तरणेपणी मेंढरांमागं कोकणापर्यंत पायपीट केली आहे. रस्त्याच्या कडेला बाळंत झाली आहे. सासरे गेल्यापासून मात्र कुणाच्या लग्नात ती पुढच्या रांगेत बसत नाही. कुणाला सांगावं लागत नाही.

शोरूमच्या दारात गाडी धुऊन उभी केली होती. बॉनेटवर झेंडूचा हार. चाकाखाली लिंबू. कळंबकडची दोन-चार गिऱ्हाइकं गाड्या बघत होती, तीही पूजा बघायला थांबली. शेठचं सारखं घड्याळाकडं लक्ष होतं. बुधवारी बाराला राहुकाळ लागतो, त्याच्या आत नारळ फुटलाच पाहिजे, असा त्याचा नेम. आम्हाला यायला उशीर झाला होता. बँकेचा ड्राफ्ट माझ्या पिशवीत होता. मी तो काढायला गेले तर शेठ म्हणाला, "ते नंतर. कागद पळून जात नाहीत, मुहूर्त जातो."

ही त्याची चूक. पुढं सगळं त्यातून झालं.

सासूबाई गाडीपाशी गेल्या. पुडी सोडली. कुंकवात अंगठा बुडवला. शेठनं हात आडवा घातला.

"आजी, तुम्ही नको. थांबा जरा." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुम्ही पण नको ताई. राग मानू नका, नवी गाडी आहे, रस्त्यावर चालायचीय. शास्त्र असतं. तुम्ही दोघी तिकडं मागं, सावलीत उभ्या राहा." त्यानं बोटानं जागा दाखवली. जुने टायर रचून ठेवले होते तिथं. मग ऑफिसातल्या टायपिंगवाल्या बाईला हाक मारली, "अहो, या, तुमचं कुंकू लावा गाडीला." ती खाली मान घालून आली. तिनं माझ्या गाडीला कुंकू लावलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, म्हणजे तिला कळत होतं.

बापूनं शेठचाच नारळ फोडला. शेठनं ती मोठी पुठ्ठ्याची किल्ली आणली, फोटोसाठी असते ती. बापूच्या हातात दिली.

"शेठ, गाडी माझ्या नावावर हाय," मी टायरांजवळून ओरडले.

"हो हो. तुमचा फोटो नंतर घेऊ."

मी गिळलं असतं. खरं सांगते, तेही गिळलं असतं. इतकं गिळलं होतं, त्यात आणखी एक. पण माझी नजर सासूबाईंकडं गेली. त्या टायरांच्याही मागं जाऊन उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला होता. कुंकवाचा अंगठा लुगड्याला पुसत होत्या. त्यांना राग आला नव्हता. त्यांना वाटत होतं, आपलंच चुकलं, आपण पुढं जायला नको होतं. जिनं अर्धा मुलूख पायाखाली घातला, ती एका दुकानदाराच्या बोटासरशी मागं सरली होती, सवयीनं. त्या सवयीचा मला असा संताप आला की कानशिलं तापली. आणि दिसलं की आज मी गप्प राहिले, तर आणखी वीस वर्षांनी अंगठा पुसत मी तिथं उभी असणार आहे.

मी सावलीतून निघाले आणि सरळ गाडीपुढं जाऊन उभी राहिले.

"शेठ, नारळ तुमचा, सवाष्ण तुमची, मुहूर्त तुमचा. मग गाडीबी तुमचीच. ठिवा."

तो हसला. त्याला वाटलं बाई रुसली, समजूत काढली की झालं. मी पिशवी काखेला मारली आणि सासूबाईंचा हात धरला. तेव्हा त्याचं हसू उतरलं.

"अहो ताई, असं कसं? नारळ फुटलाय!"

"दिसतंय की."

"नारळ फुटलेली गाडी परत ठेवत नाहीत ताई! मी कुणाला विकू ती?"

"ज्याला शास्त्र म्हाईत न्हाय त्याला इका."

बापू किल्ली घेऊन धावत आला. "वैनी, लोकं बघत्यात."

"बघू दे. त्यांनी बघावं म्हनूनच चाललेय."

मी ड्राफ्ट त्याच दिवशी बँकेत परत केला. घरच्या अंगणात पाय टाकल्यावर सासूबाईंनी ओटीतला नारळ चाचपला आणि म्हणाल्या, "ह्यो राहिला की गं."

"राहू द्या आत्या. लागंल."

पुढचं मला काही करावं लागलं नाही. कळंबच्या त्या गिऱ्हाइकांनी केलं. पूजा झाली, नारळ फुटला आणि घेणारी गाडी सोडून गेली, ही गोष्ट डेअरीवर, उसाच्या वजनकाट्यावर, सलूनमध्ये फिरली. मूळ भांडण कशावरून झालं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. अपशकुन तेवढा राहिला. शेठनं हार काढला, बॉनेट पुन्हा पुन्हा धुतलं. ऑफर लावली, किंमत पाडली. गिऱ्हाईक यायचं, सीटवर बसायचं आणि हळूच विचारायचं, "हीच का ती?" मग उठायचं. काहीजण तर दुसरी गाडीसुद्धा त्याच्याकडून घेईनात. ही मागच्या शेडमध्ये न्यावी तर शेठला भीती, घरातच अवदसा बसायची. म्हणून ती दारातच उभी.

मी यात साळसूद नव्हते. डेअरीवर कुणी विचारलं की मी म्हणायचे, "मला काय म्हाईत बाबा, मी रांडमुंड बाई. माझ्या सावलीचाच गुण असंल." लोक शहारायचे. मला गोड लागायचं. शेठ, अपशकुनाची पीडा माझ्या गळ्यात घालायला निघाला होतास ना? घे, तुझ्याच दाराला बांधली.

गाडी मी इंदापूरला घेतली. तिथला दुकानदार काही देवमाणूस नव्हता. त्यानं विचारलं, "कुणाच्या नावावर?" मी म्हणाले, "माझ्या." तो म्हणाला, "मग बसून बघा." त्याला गाडी खपवायची होती, बाकी काही नाही. तेवढंसुद्धा पुरलं. पूजा मात्र तिथं करू दिली नाही. अवजारं जोडून गाडी मी चालवत शेळगावला आणली, बागेच्या तोंडाशी उभी केली आणि पुडी सासूबाईंपुढं धरली.

त्यांचा हात पुढं येईना. "माझा हात चालंल का?"

"चालंल न्हाय आत्या. तुमचाच पायजे."

त्यांनी कुंकू लावलं. अंगठा घसरला म्हणून कुंकवाचं बोट वाकडं उमटलं. तसंच आहे अजून, मी पुसू देत नाही. राहिलेला नारळ त्यांनी बांधावरच्या दगडावर फोडला, पहिल्या घावात. भाड्याचा ट्रॅक्टरवाला आता बांधावरून जाताना मान वर करत नाही. वेळेवर फवारणी होते. बाग आहे.

बहार धरला त्या सुमाराला शेठ घरी आला. बापूला पुढं घालून. मी ब्लोअर धूत होते. दोघांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. शेठ बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "वहिनी, झालं गेलं जाऊ द्या. एकदा या शोरूमला. त्या गाडीला तुमच्या हातानं हळदकुंकू वाहा. चार लोकांसमोर. म्हणजे लोकांच्या मनातलं जाईल."

ज्या हातानं गाडी बाटत होती, त्याच हातानं आता ती सुटणार होती. शास्त्र बदललं नव्हतं, धंदा अडला होता. आणि एवढं सगळं बोलून झालं, तरी माझ्या सासूची माफी मागावी हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यानं त्यांना नमस्कारसुद्धा केला नव्हता.

"नंतर बघू, शेठ," मी म्हणाले. "तुमी आमचा फोटो नंतर घेणार हुता, तसंच."

तो उठला. बापू माझ्याकडं रागानं बघत त्याच्यामागं गेला. त्यालाही मी थांबवलं नाही.

बाया मला म्हणतात, आता सोड. नमतं घे, माणूस दारात आला होता. मी नाही सोडणार. बारामतीला काम निघालं की मी मुद्दाम माझा ट्रॅक्टर काढते, त्या शोरूमपुढं आल्यावर वेग कमी करते आणि दारातल्या त्या गाडीकडं नीट बघते. टायर बसत चाललेत. बॉनेटचा रंग उन्हानं उडालाय. तो काचेमागून मला बघतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच हळू जाते.

आता आमच्या भागातली कुणी एकटी बाई गाडी घ्यायला निघाली की मला बोलावते. पुढच्या आठवड्यात कळंबच्या एकीबरोबर जायचंय. तिचंही कपाळ मोकळं आहे. तिला मी सगळं समजावून सांगितलंय. दुकानात शिरल्यावर कुणाला न विचारता सीटवर बसायचं. उत्तर आपल्याकडं बघून दिलं तरच पुढचा प्रश्न विचारायचा. ड्राफ्ट पिशवीतून काढायचा नाही, आधी आपल्या हातानं कुंकू लावायचं. आणि कुणी "तुम्ही नको" म्हणालाच, तर भांडायचं नाही, रडायचं नाही. सावलीत जाऊन गप उभं राहायचं. त्याला हार घालू द्यायचा. त्याचा नारळ फुटू द्यायचा.

आणि मग निघून यायचं.