मामांची हरकत नव्हती

या जगात मी सर्वांत जास्त कोणाचा देणेकरी असेन तर तो माझ्या मोठ्या मामांचा. आणि या जगात दुसऱ्याला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारा माणूस असेल तर तेही माझे मोठे मामाच. न्हाव्याकडे गेले की रांगेतल्या प्रत्येकाला विचारत, "मी बसू काय आता?" बंडी जुंपण्याआधी बैलांच्या कानाशी लागून काहीतरी पुसत, आणि बैलाने मान हलवली नाही तर पाच मिनिटे थांबत. घरी रोज भाजीवर मतदान. पाहुणा असला तर त्यालाही मत. मामी चुलीपासून ओरडे, "तेल जळून राह्यलं अन् हे हात वर करायला लावून राह्यले!" वडील मला माजरीच्या खाणीत लावायला निघाले, तेव्हा मामांनी माझ्या कॉलेजबद्दल अख्ख्या गावाचे मत घेतले. एकटा पाटलाचा गडी 'नाही' म्हणाला. मामा दोन दिवस त्याच्या ओसरीवर बसले, तो 'हो' म्हणाला, आणि मग मला घेऊन आपल्या घरी आले. बी.ए. होईपर्यंत मी त्यांच्याच ताटात जेवलो.

असा माणूस गोंडपिपरीच्या रस्त्यावरल्या प्लायवूडच्या कारखान्यात कामगारांचा प्रतिनिधी होणार नाही तर काय! भाग मागास म्हणून सरकारने मालकाला जमीन, विजेची सवलत, करमाफी, सगळे दिले होते. कामगार आणि साहेब यांची एक समितीही होती. समितीत मामा वर्षानुवर्षे पाण्याच्या माठाबद्दल बोलत. पण बोलण्यापूर्वी तिन्ही पाळ्यांतल्या दीडशे माणसांना विचारून येत. एकाला उन्हाळ्यात वाळा घातलेले पाणी नको होते, म्हणून माठ दोन झाले.

एक दिवस मॅनेजरसाहेब स्वतः जीपने घरी आले. खाटेवर बसले, मामीच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "तुमचं मत पाहिजे." प्रतिनिधी झाल्यापासून सात वर्षांत मामांचे मत कोणी साहेबाने मागितले नव्हते. कागद इंग्रजीत होता. घरातला ग्रॅज्युएट म्हणून मी तो ऐटीत वाचला : लाकडाच्या सोलणीची आणि थर दाबायची यंत्रे दुरुस्तीसाठी नागपूरला जाणार, काम पंधरा दिवस बंद, पगार चालू, कामगार प्रतिनिधीची हरकत नाही.

"बाकी लोकाइले इचारून येतो," मामा उठले.

साहेबांनी घड्याळ पाहिले. मी म्हणालो, "कशाला मामा? प्रतिनिधी तुम्हीच. साहेब घरी येऊन विचारतात, तर करा सही."

मामा माझ्याकडे पाहून हसले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणालाही न विचारता त्यांनी एक गोष्ट केली.

यंत्रे त्यांनी स्वतः पोत्यात गुंडाळून ट्रकवर चढवली. नागपूरच्या मेकॅनिकसाठी पुठ्ठ्यावर खडूने लिहून बांधले, 'डावा पट्टा हळू ओढणे, मशीन चिडते.'

पंधरा दिवसांनी फाटकाला कुलूप होते. आम्ही कुंपणाच्या जाळीतून शेडमध्ये पाहिले. यंत्रांच्या जागी फरशीत नुसते बोल्ट उभे होते. त्याच ट्रकचा ड्रायव्हर चौकात भेटला. म्हणाला, "कसलं नागपूर? दुसऱ्या राज्यात माल उतरवला मी. तिथं नवी सबसिडी भेटते म्हणे."

आम्हाला न विचारता कारखाना हलवला, अशी तक्रार घेऊन मामा, मी आणि काही कामगार चंद्रपूरला कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी फाइल फिरवून आमच्यापुढे धरली. "विचारलं नाही कसं म्हणता? ही सही कोणाची?"

सगळे मामांकडे वळले. सोलणीवर त्यांच्या बाजूला उभा राहणारा माणूस म्हणाला, "भाऊ, माठाले इचारलं. याले काऊन नाई इचारलं?"

मी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभा होतो. मामांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "चुकलं माह्यं," एवढेच म्हणाले.

पुढे मला मुलचेऱ्याला शाळेत नोकरी लागली. मामी निरोप पाठवते : लोक घरी येत नाहीत, आणि भाजी कोणती करू म्हटले तर मामा म्हणतात, "कर काई बी." परवा मी त्यांना पत्र टाकले.

'तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. इथे एका वकिलांना सगळे सांगितले. ते म्हणाले, यंत्र दुरुस्तीला पाठवायची संमती म्हणजे कारखाना बंद करायची संमती नव्हे. शंभरावर माणसे असली तर बंद करायला सरकारची परवानगी लागते. दावा होतो, पण सगळ्यांनी मिळून करायला हवा. तुमच्यामागे कामगार येत नाहीत, कारण त्यांना खरे ठाऊक नाही. रविवारी सगळे कारखान्याच्या फाटकापाशी जमतात. मी येतो आहे. कागद मी वाचला होता, आणि विचारायला निघालेल्या तुम्हाला मी बसवले होते. हे मी सर्वांसमोर सांगेन. शिकलेल्या भाच्याची लाज जाईल म्हणून तुम्ही आजवर गप्प राहिलात. आता माझी लाज राखू नका, मामा. मी बोलत असताना मधे बोलू नका. पहिल्या गाडीने निघतो.'