दादाच्या हाताची स्टिक

"ताई, आज स्कूटर काढू नका." सकाळी वहिनीचा फोन आला तो एवढ्याच वाक्याचा. गुरुवार होता. गुरुवार हा माझा आणि दादाचा ठरलेला वार. जेवणं आटोपली की मी इंदिरानगरहून स्कूटर काढायची, गंगापूर रोडला त्याच्या बिल्डिंगखाली हॉर्न वाजवायचा आणि त्याला मागे बसवून पूल पार्लरला न्यायचं. मला वाटलं, सर्दी-तापाचं काही असेल. "का गं, कणकण आहे का त्याला?" असं मी विचारलंसुद्धा. पलीकडून वहिनी म्हणाली, "चहा पिता पिता मान टाकली, ताई… गेले ते." मी चप्पल घातली, किल्ली घेतली आणि नको सांगितलेली स्कूटर काढूनच तिच्याकडे गेले. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

आता काही आठवडे उलटले आहेत. भेटायला येणारे लोक विचारतात, "पूल? म्हणजे कॉलेजची पोरं खेळतात ते?" हो, तेच. हिरव्या कापडाचं टेबल, रंगीत गोळे आणि लांब काठी. त्या काठीला शहाणे लोक क्यू म्हणतात, पार्लरमध्ये सगळे स्टिक म्हणतात. माझा दादा, सुधाकर, मखमलाबादच्या मळ्यात गुलाब खुडून मोठा झाला, सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये, काटेकोर मापाचे साचे आणि हत्यारं बनवण्यात, त्याची उभी हयात गेली. असा माणूस या खेळात कसा पडला, तर पोरामुळे. निखिल तेव्हा कॉलेजात होता आणि तास बुडवून पार्लरमध्ये सापडायचा. एकदा दादा त्याला कान धरून आणायला म्हणून जिना चढला. निखिल तासाभराने एकटाच घरी आला आणि आईला म्हणाला, "बाबा म्हणाले, मी थोड्या वेळाने येतो." पुढे पोराचा खेळ सुटला, नोकरीसाठी तो बंगळुरूला गेला, बापाचा खेळ काही सुटला नाही. वहिनी त्या जागेला रिकामटेकड्यांचा अड्डा म्हणायची आणि शेवटपर्यंत ती तो जिना चढली नाही.

मीही आधी हसणाऱ्यांतलीच होते. पण निवृत्तीनंतर दादाला कंपवात झाला, मोटरसायकल बंद झाली आणि त्याला ने-आण करायचं काम माझ्याकडे आलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बसून मला खेळ कळायला लागला. दादाच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरायचा, जपमाळ ओढल्यासारखा. घरात तो फिरू द्यायचा. पार्लरच्या जिन्यात पाऊल टाकलं की हात पँटच्या खिशात. गोळी घेतली की घटकाभर हात बरा राही, तेवढ्यात तो डाव उरकून घ्यायचा. डाव लांबला तर "बहिणीला घाई आहे" असं सांगून निघायचा. मला मेलीला कसली घाई, पण मी मान डोलवायची. त्याला त्या पोरांसमोर आजारी दिसायचं नव्हतं. इतर सगळीकडे तो पेशंट होता. तेवढ्या एका जागी तो खेळाडू होता.

मग त्याने ठरवलं, की आपल्या मापाची स्टिक बनवून घ्यायची. पार्लरच्या स्टिका हलक्या, वाकलेल्या, टोकाचं चामडं झिजलेलं. धडधाकट माणसाला त्या चालून जातात. दादाला चालेनात. हौसेला मोल नसतं म्हणतात. दादाच्या हौसेला होतं आणि ते त्याने स्वतःच ठरवलं होतं. मोटरसायकल विकून जे येईल त्यात बसवायचं, वर एक रुपया नाही. वहिनीने कपाळाला हात लावला. "काठीला एवढे? मंडईत ढिगाने पडल्यात काठ्या." दादा तिला म्हणाला, "आपल्या मळ्यात खुरपं ज्याचं त्याचं होतं का नाय? बाबा प्रत्येकाच्या हाताला मूठ बसवून घ्यायचे. आईचं खुरपं मी घेतलं की तासाभरात फोड यायचा. ही काठी नाय, माझं खुरपं हे." वहिनी शेतकऱ्याचीच मुलगी. काठीचा विषय तिने तिथेच सोडला.

पुण्याजवळ एक तरुण अशा स्टिका बनवतो, असं पार्लरचा मालक जावेद याने सांगितलं. आता जन्मभर टूलरूममध्ये राहिलेला माणूस स्टिक कशी मागवेल? दादाने जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून तिचं ड्रॉइंग काढलं. लांबी, जाडी, उतार, तोल कुठे यावा ते, आणि प्रत्येक मापापुढे चूक किती चालेल तेही, केसाच्या जाडीहून कमी. दोन दिवसांनी त्या तरुणाचा फोन आला. "काका, लाकूड आहे हे. पावसाळ्यात आपल्या मनाने फुगतं. ड्रॉइंग राहू द्या, खेळतानाचा व्हिडिओ पाठवा." दादाला हे फारसं रुचलं नाही, पण त्या मुलाशी त्याचे फोन सुरू झाले आणि बेताच्या पैशात काय घ्यायचं, काय सोडायचं याची काटछाट रंगली. मागच्या दांड्यावरची नक्षी गेली. काळं महागडं लाकूड गेलं. नाव कोरायचं का, असं त्याने विचारलं तर दादा म्हणाला, "कशाला? मला माझं नाव ठाऊक आहे." पुढचा अर्धा भाग मात्र, ज्याला शाफ्ट म्हणतात, तो चांगल्या मुरलेल्या मेपलचाच हवा, दोन भाग जोडणारा आटा उत्तम हवा आणि टोकाचं चामडं हलकं नको. जे गोळ्याला लागतं त्यावर खर्च, जे डोळ्याला दिसतं त्यावर नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता.

राहिला व्हिडिओ. दादाने गोळी घेतली, ती चढेपर्यंत घरी बसला आणि मग मला म्हणाला, चल. पार्लरला त्याने इतके सुरेख फटके मारले, की मोबाइल धरलेल्या मलाच अभिमान वाटला. पण जिना उतरताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "दादा, हे त्या पोराला पाठवू नकोस. हा तुझा चांगला तास आहे. उरलेल्या वेळी काय करशील?" तो म्हणाला, "त्याला माझा हात पाहिजे, आजार नाही." मी म्हटलं, "आजार काय हात घरी ठेवून येतो?" माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दादा चिडला. "लय शहाणी झालीस," म्हणाला आणि रिक्षा करून निघून गेला. त्या रिक्षामागे मी स्कूटर घेऊन गंगापूर रोडपर्यंत गेले, तो नीट घरी पोचला हे पाहायला. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतरचा गुरुवार कोरडाच गेला. मीही फोन केला नाही, त्यानेही नाही. पुढच्या गुरुवारी मात्र भर दुपारी त्याचाच फोन. "शैले, येतेस का? सकाळपासून गोळी घेतली नाही." गोळी चुकवणं मला पटलं नव्हतं, वहिनीला तर मुळीच नाही, पण ती म्हणाली, "जाऊ द्या ताई, त्यांनी ठरवलंय." त्या दिवशी जिना चढायला त्याला फार वेळ लागला. आत पोरं होती, नेहमीचीच. दादाने खिशातून हात काढला. टेबलावर वाकला, स्टिक धरली आणि ती टोकापर्यंत थरथरायला लागली. नेम धरून थांबायचं, ते त्याला जमेना. हाताची गंमत अशी, की तो थांबला की कापायचा आणि चालू लागला की शांत व्हायचा. आणि या खेळात फटक्याआधी थांबावंच लागतं. गोळा भलतीकडेच गेला. पुन्हा वाकला… पुन्हा तेच. शेजारच्या टेबलांवरचा खेळ थांबला होता. मोबाइलचा पडदा मला धूसर दिसत होता, पण मी तो खाली घेतला नाही. झाल्यावर दादा सरळ उभा राहिला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "असं आहे बघा." जावेद काउंटरमागून बाहेर आला. "काका, आम्हाला माहीत होतं ना. तुम्ही हात खिशात घालायचे, म्हणून आम्ही पण तिकडे बघायचो नाही." दादा खुर्चीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं. मी त्याला रडताना फार कमी वेळा पाहिलं आहे. त्यातली ही एक.

तो व्हिडिओ पाहून त्या तरुणाने मापंच बदलली. मागे जास्त वजन, मूठ जाड, आणि मुठीवर दोऱ्याऐवजी मऊ, किंचित खरबरीत चामडं, म्हणजे पकड आवळावी लागणार नाही. चामड्याचे पैसे वाढले, तर दादाने स्टिकची पेटी रद्द केली. वहिनीने जुन्या सोलापुरी चादरीची खोळ शिवली, तोंडाला नाडी घालून. स्टिक आली त्या दिवशी दादाने ती आधी जमिनीवर लोळवून पाहिली, सरळ आहे का ते. टूलरूमचा माणूस कुठे जातो? पहिल्या दिवशी काही जमलं नाही. मग हळूहळू हात बसला. वजनामुळे टोक स्थिर राहायला लागलं. पूर्वीसारखा खेळ झाला असं मी म्हणणार नाही, तसं झालं नाही. हरायचा तो, पुष्कळदा हरायचा. पण गोळीची वेळ बघून खेळणं सुटलं, माझी खोटी घाई संपली. दुसऱ्याची पाळी असताना तो स्टिक उभी धरून बसायचा, सगळ्यांदेखत, आणि हात कापत असला तर कापू द्यायचा. हे सुख त्याला थोडेच महिने मिळालं. याचं मला वाईट वाटतं आणि तेवढे मिळाले याचं बरंही वाटतं.

परवा निखिलचा फोन आला होता. पोरगा व्यवहारी आहे आणि त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. स्टिक नुसती उभी ठेवली तर वाकेल; आत्या, पार्लरमध्ये कुणाला तरी देऊन टाक, मूठ जाड वाटली तर बदलून मिळते, वजनही काढता येतं. वहिनीही हो म्हणाली. म्हणून काल मी ती आणायला गेले. वहिनी खोळ काढून, स्टिक मांडीवर आडवी घेऊन, ओल्या फडक्याने पुसत बसली होती. दुसऱ्याला द्यायची वस्तू तशीच कशी द्यायची, असा तिचा स्वभाव. मुठीजवळ एकाच ठिकाणी ती पुन्हा पुन्हा घासत होती. म्हणाली, "एवढा डाग निघत नाही हो, ताई."

मी चष्मा लावून वाकले. डाग नव्हता तो. बाकी मूठ नवी होती तशीच खरबरीत, आणि तेवढीच जागा, अंगठ्याच्या पेराएवढी, झिजून गुळगुळीत झाली होती. मी काही बोलायच्या आत वहिनीचा हात थांबला. तिने फडकं खाली ठेवलं आणि आपला अंगठा त्या जागेवर टेकवला. तिथून तो हलवेना. म्हणाली, "निखिलला सांगा, मूठ बदलायची नाही." मग जरा थांबून, "आणि द्यायचीही नाही." मी खोळ घडी करून तिच्या शेजारी ठेवली आणि चहा टाकायला उठले. स्वयंपाकघराच्या दारातून मागे पाहिलं, तर तिचा अंगठा त्या चामड्यावरून हळूहळू फिरत होता.