नाजीचा पिस्तुलवाला जंबिया

नाजीने तो जंबिया पहिल्यांदा कमरेला लावला, त्या दिवशी येमेनमधल्या सना शहरातल्या जंबिया-बाजारातली गाढवं आपणहून भिंतीला चिकटून उभी राहिली, आणि मनोऱ्यावरची कबुतरं बिऱ्हाडासकट दुसऱ्या मोहल्ल्यात राहायला गेली. असं निदान नाजी सांगायचा. वाकड्या पात्याला लागून पिस्तुलाची नळी, मुठीखाली घोडा. तुर्कांच्या काळातली चीज. डोंगरातल्या एका म्हाताऱ्याने नव्या म्यानाच्या बदल्यात दिलेली.

नाजी म्यानं शिवायचा. अंगकाठी अशी, की सोसाट्याचा वारा सुटला की बायको नूरिया त्याला घराबाहेर पडू द्यायची नाही. उभ्या आयुष्यात त्याला कुणी वाट दिली नव्हती. आता हमालसुद्धा "आधी तुम्ही, उस्ताद" म्हणू लागले. नळी आतून भरीव आहे, तिला भोकच नाही, हे त्याला पहिल्याच संध्याकाळी तार घालून पाहताना कळलं. ते त्याने नूरियालाही सांगितलं नाही.

मान चढला तसा पाराही चढला. शेजारच्या मनुकेवाल्या मुक्बिलची पन्हाळ वर्षानुवर्षं नाजीच्या म्यानांसाठी वाळत घातलेल्या कातड्यावर गळायची. एका सकाळी नाजीने हातोडी घेतली आणि पन्हाळीचं तोंडच फोडलं.

प्रकरण बाजाराचे पंच हाज सिनान यांच्याकडे गेलं. तिथली रीत अशी की दोघांनी आपापलं हत्यार पंचांपुढे ठेवायचं, म्हणजे निवाडा कबूल. किरकोळ तंट्याला जंबिया, रक्तपाताला बंदूक. मुक्बिलने जंबिया ठेवला. नाजीनेही ऐटीत आपला ठेवला.

हाजींनी चष्मा पुसला. "नाजी, ही बंदूक आहे."

"जंबियाच आहे, हाज. त्याला जराशी बंदूक आहे."

"बैठकीत बंदूक आली की आली. गुन्हा मोठा आहे असं तूच म्हणतोस, तर दंडही मोठा. मुक्बिलच्या दारात बैल कापायचा."

"मला पन्हाळ मिळाली असती तरी चाललं असतं," मुक्बिल म्हणाला, "पण आता बैलच बरा. भरलेला बघ हो, तुझ्यासारखा नको."

"हिच्यातून गोळी सुटते का?" हाजींनी विचारलं. "सुटत नसेल तर सांग. नुसतं पातं धरतो. पन्हाळ बसवून दे आणि घरी जा."

दारात अख्खा बाजार कान टवकारून उभा होता. पुढच्या रांगेत हमाल. नाजीने त्यांच्याकडे पाहिलं.

"सुटते," तो म्हणाला. "भिंत फोडते."

नूरियाचा चांदीचा हार बैलापायी गेला. "सालेहचे अब्बा," ती म्हणाली, "तुम्ही पन्हाळ फोडलीत की राजवाडा?"

"तुला बाजारातल्या रीती कळायच्या नाहीत."

"मला हार कळत होता."

बैल कापला गेला. बाजार पोटभर जेवला, मुक्बिल दोनदा. मग हाज सिनान जंबिया परत द्यायला आले आणि हळूच म्हणाले, "नळी भरीव आहे. हातात घेतल्याबरोबर वजनावरून कळलं मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू सुटते म्हणालास. चारचौघांत तुला खोटं कसं पाडू? शिवाय बाजाराने बैल खाऊन बरेच दिवस झाले होते."

हमाल नाजीला अजून वाट देतात. मुक्बिलने नवी पन्हाळ बसवली, पहिलीपेक्षा रुंद. ती नाजीच्या कातड्यावरच गळते.