चाळीला लागलेला लेप

दुसरं महायुद्ध संपलं तशी लष्कराला पत्र्याच्या डब्यांची गरज उरली नाही. अंबरनाथचा आमचा डब्यांचा कारखाना काही वर्षं कसाबसा चालला, मग मालकानं निम्म्या लोकांना घरी बसवलं. साहेबी भाषेत याला ‘ले-ऑफ’ म्हणत. चाळीत त्याचा ‘लेप’ झाला. वडिलांना लेप लागला असं आईनं सांगितलं, तेव्हा एक शेजारीण हळद उगाळून घेऊन आली होती.

सरकारनं नवा कायदा केला होता. लेप लागलेल्याला अर्धा पगार द्यायचा. अट एकच, रोज सकाळी फाटकावर हजेरी लावायची. काम नाही, पण कामाला आलो हे दाखवायचं. वडील रोज दाढी करून, धुतलेला सदरा चढवून हे सोंग करून येत. त्या अर्ध्या पगारावर माझी शाळा टिकून होती. तो थांबला तर मला बदलापूरला मामाकडे शेतावर पाठवायचं, हे आईनं माझ्यासमोरच ठरवून टाकलं होतं.

युनियनचे अध्यक्ष म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे गृहस्थ. त्यांनी जन्मात पत्र्याला हात लावला नव्हता, आणि सरकारी मान्यता मिळाल्यापासून तर माणसांनाही लावत नसत. त्यांनी मजूर खात्याच्या साहेबांचे आभार मानायला सभा ठेवली, तीही सकाळीच, पार विठ्ठलवाडीला. म्हणाले, “एकूण एक माणूस दिसला पाहिजे. हजेरीचं मी बघतो.”

साहेब उशिरा आले, हार घालून घेतले आणि सरकार कामगारांच्या पाठीशी उभं आहे असं म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. वडिलांनीही पिटल्या, आणि घरी येऊन भाषण आईला म्हणून दाखवलं.

“पाठीशी हाय,” आई म्हणाली, “मंग पुढं कोन हाय?”

पुढे फाटकावरचा टाइमकीपर होता. काल हजेरी नाही, म्हणजे तुम्ही काम सोडलं, असं त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. सरकारी मदतीचे आभार मानायला गेलेली ही माणसं मदतच घालवून बसली. असला गाढवपणा आमच्याच लोकांना जमावा. अध्यक्ष म्हणाले, साहेबांच्या कानावर घातलंय. त्या कानात काय काय पडून होतं कोण जाणे. अर्धा पगार बंद झाला आणि सरकारी चौकशी सुरू झाली.

मामा मला न्यायला आला. “चल गो पोरी, भाताच्या लावनीला मानूस कमी हाय,” एवढंच बोलला. वडील तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून होते. मला त्यांची कीव आली नाही, संताप आला.

चौकशीचा निकाल लागेपर्यंत मामाच्या कात्रपच्या शेतात माझी दुसरी लावणी आली. निकाल कामगारांच्या बाजूनं लागला. अडकलेला पगार मिळाला, अध्यक्षांनी पेढे वाटले आणि स्वतःला हार घालून घेतला. त्यातला एक पेढा कागदात बांधून वडील माझ्यासाठी बांधावर आले. शाळेनं माझं नाव केव्हाच काढून टाकलं होतं, ते त्यांनाही ठाऊक होतं.

“सरकारनं शेवटी न्याय दिला बघ,” ते म्हणाले.

पेढा मी त्यांच्या देखत मामाच्या बैलाला चारला.