विहीणबाईंनी लपवलेला गोळाभात

अकोल्यात आमच्या विहीणबाईंच्या घरून कुणी अर्धपोटी परतला, असं घडलेलं नाही. एकदा विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाला त्यांनी पाटवडीचा रस्सा जेवायला बसवलं. बिचारा मीटर न वाचताच ढेकर देत गेला. आणि त्यांचा गोळाभात, भातात शिजवलेले डाळीचे गोळे नि वर हिंगाची चरचरीत फोडणी! मी तर त्याच्यासाठी अमरावतीहून अकोल्याला जायची, लेक तिथे दिलीय हे निमित्त.

माझी किमो सुरू झाली तशा त्या दर खेपेला अमरावतीला हजर. पहिल्या दिवशी त्यांनी आग्रहाने तीन वाट्या शेवयांची खीर खाऊ घातली. ती सगळी उलटली, आणि तेव्हापासून खिरीचं नाव काढलं तरी मला मळमळतं. दुसरी असती तर रडली असती. या बाईंना कुतूहल. उलटीच्या आधी तोंडाला पाणी सुटतं की कपाळाला घाम? लसूण जास्त छळतो की अगरबत्ती? नर्सबाईंना तर त्यांनी प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. उलटीची गोळी मी मळमळलं की घेऊ म्हणून ठेवून द्यायची, ते कळल्यावर म्हणाल्या, "दूध उतू गेल्यावर गॅस बंद करता काय तुमी?" मग गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर, घरात फोडणी बंद, जेवण गार, थोडं थोडं, तेही नातवाच्या इवल्या वाटीत. उलट्या खरंच कमी झाल्या.

पण गोळाभात काही येईना. दर खेपेला बेचव मऊ भात नि उकडलेला बटाटा. चौथ्या खेपेला मी चिडलेच. आजारी माणसाला आवडीचं देववत नाही का, म्हटलं.

त्या बटाटा सोलत राहिल्या. "नर्सबाईले विचारलं मी. या दिवसांत आवडीचं खाल्लं अन् उलटून पडलं, तं कधी कधी ते कायमचं नकोसं होते. खीर मीच घालवली तुमची. गोळाभात नाही घालवू देणार."

सगळ्या किमो संपल्या, तोंडाला चव आली, तेव्हा डबा आला. फोडणी वेगळ्या वाटीत. "वाटलं तं खा, नाही तं झाकणच काढू नका," म्हणाल्या आणि दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून. मी एक गोळा फोडला. थांबले. पोटात सारं शांत. मग दुसरा घेतला. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण पदर डोळ्याला लागलेला मला दिसला.

आता अकोल्याला गेले की पाहते, मीटरवाल्याला अजून तसाच आग्रह होतो. माझ्यापुढे मात्र त्या भांडं ठेवतात आणि दुसरीकडे बघतात. एकदा तरी बळेच वाढतील म्हणून मी ताट पुढे करून वाट बघते, आणि मग आपल्याच हाताने वाढून घेते.