एकदाच लिहायच्या किल्ल्या

हळद शिजवायचे दिवस होते. आमच्या हट्टा गावात घरामागच्या शेतात कढई पेटलेली असायची आणि तिची पिवळसर वाफ हळूहळू माडीवरच्या खोलीत यायची. त्या वाफेत रोजच्या वस्तूही जरा लांब गेल्यासारख्या वाटायच्या.

मी घरूनच पुण्यातल्या एका लहान कंपनीचं काम करते. शेतातली मोटर फोनवरून चालू-बंद करायच्या पेट्या ही कंपनी बनवते. प्रत्येक पेटीतल्या बोर्डावर तुरीच्या डाळीएवढी एक चिप असते. तिच्यात एक गुप्त आकडा भरायचा. आम्ही त्याला किल्ली म्हणतो. ती किल्ली असली की मालकाशिवाय दुसऱ्या कुणाला मोटर चालू करता येत नाही. एकदा किल्ली भरून कुलूप लावलं की ती बाहेर काढता येत नाही, बदलताही येत नाही. मलासुद्धा नाही.

त्या फाल्गुनात साठ बोर्डं घरी आली होती. बोर्ड लॅपटॉपला जोडायचं, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, ‘खात्री आहे का?’ विचारलं की ‘येस’ लिहायचं. प्रत्येक बोर्डाची किल्ली वेगळी, म्हणून आधी बोर्डावरच्या चिठ्ठीचा नंबर पडद्यावरच्या नंबराशी ताडून बघायचा. चिठ्ठीवरचे आकडे मुंगीएवढे. ते वाचायला मी बाबांना बसवलं.

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि त्यांचं बोलणं दिवसातून चार-पाच वाक्यांवर आलं होतं. पण भिंग हातात आलं की त्यांचा आवाज बदलायचा. एकेक आकडा सुटा, स्वच्छ. मी ऐकत राहायची. कधीकधी अर्थ न कळता नुसता आवाजच ऐकायची.

तशाच एका दुपारी, चाळिसाव्या-एक्केचाळिसाव्या बोर्डाला, मी वरच्या बाणाची कळ दाबली. तसं केलं की आधीची कमांड पुन्हा येते. तिच्यात फक्त किल्लीच्या फाइलचं नाव बदलायचं असतं. मी ते बदललंच नाही. ‘येस’ लिहिलं. आधीच्या बोर्डाची किल्ली या बोर्डात गेली आणि कुलूप लागलं.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“हे बोर्ड गेलं, बाबा. आता कशाच्याच कामाचं न्हाई.”

त्यांनी भिंग पुसलं, गादीवर ठेवलं आणि खाली निघून गेले.

पुण्यातल्या मॅडमना मी लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, “त्या बोर्डावर लाल खूण कर आणि वेगळं ठेव. सांगितलंस ते बरं केलंस.” विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी बाबा वर आले नाहीत. बघते तर ओट्यावर बसलेले, भाकरी तशीच झाकून ठेवलेली.

“काहून आला न्हाईत?”

“माझ्यानं आता वाचणं होत न्हाई, माय. नुकसान करून ठेवलं.”

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मी शेजारी बसले आणि वरच्या बाणाची सगळी गोष्ट सांगितली. “तुमी बराबर वाचलं होतं. चूक माझी आहे.”

ते वाफेकडं वळले. मग सांगायला लागले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एक ट्रंक कॉल जोडला होता. एक आकडा चुकीचा ऐकला. पलीकडच्या माणसानं घाईघाईत पोरगं गेल्याचं सांगितलं आणि लाइन तुटली. तो निरोप भलत्याच घरी पोचला होता.

“मला कळलं तसा सायकलवर गेलो. सारं घर रडून राहिलं होतं. सांगितलं, तुमचं लेकरू धड आहे, माझी चूक झाली. त्या लेकराच्या मायनं मला एका शब्दानं दुखवलं न्हाई. पाण्याचा तांब्या दिला.”

“मग?”

“मग परत आलो आणि खऱ्या घराला फोन जोडला. तो पण मलाच जोडावा लागला.”

हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. त्यांचा हात माझ्या हाताजवळ होता, तो मी हलकेच धरला. कढईवरची माणसं हळद उपसत होती आणि आम्ही तिकडं बघत बसलो.

चार वाजता ते आपणहून जिना चढले. मीही आता प्रत्येक कमांड नव्यानं टाइप करायची. उरलेली बोर्डं आम्ही तीन दुपारींत संपवली. मधेमधे ते एक्स्चेंजमधलं काहीबाही सांगायचे: पावसाळ्यात तारांमधून येणारी घरघर, फोनवर नुसतं हसणारी एक म्हातारी. सांगता सांगता नंबर वाचणं थांबायचं, आणि मी त्यांना घाई केली नाही.